डांबर सेहेचाळीस, चिखल पावणेतीन

३ ऑगस्ट २०२५, रविवार

जुनी वही भरली, ही नवी. नव्या वहीच्या पहिल्या पानावर वस्तुस्थिती लिहायची ही माझी कारखान्यापासूनची सवय. चौतीस वर्षं तपासणी विभागात काढली. सुट्या भागाचं माप आधी लिहायचं, मत नंतर.

तर वस्तुस्थिती अशी. जानेवारीपासून आम्ही देवनहळ्ळीच्या पलीकडच्या आमच्या घरात राहतो. प्लॉट अकरा वर्षांपूर्वी घेतला, बसवनगुडीचा फ्लॅट विकून घर बांधलं. लेआउटमध्ये चाळीस प्लॉट, घरं तीन. अलकाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. डॉक्टरांनी गेल्या दिवाळीत इशारा दिला होता, पण तोवर स्लॅब पडला होता. फेब्रुवारीपासून मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, सकाळी आठ ते बारा. दवाखाना बसवनगुडीत, आमच्या जुन्या फ्लॅटपासून चालत बारा मिनिटांवर. देवनहळ्ळीच्या केंद्रात जागा नाही, नाव लावून ठेवलंय.

घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत पावणेतीन किलोमीटर लाल मातीचा कच्चा रस्ता. पुढे सेहेचाळीस किलोमीटर डांबर. लहान गाडी मे महिन्यात दोनदा रुतली म्हणून ती देऊन जुनी पिकअप घेतली. मागे सामानाचा हौदा, पुढे चार माणसांची जागा. इंजिन उत्तम. ताकद मात्र फक्त मागच्या दोन चाकांना.

काल निलगिरीच्या झाडांपाशी, जिथे रस्ता खोलगट आहे, तिथे मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. टायर गुळगुळीत झालेत. शेजारच्या शेतातल्या मुनियप्पाने ट्रॅक्टरने ओढून काढलं तोवर सव्वा तास गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत साडेनऊ. बारा वाजता त्या मशिनवर दुसरा पेशंट. अलकाला चारऐवजी अडीच तास मिळाले.

टायर बदलायचे. प्रश्न एवढाच, कुठले.

५ ऑगस्ट, मंगळवार

अलकाला मशिनवर बसवून मेट्रोने यशवंतपूरला गेलो. तिथे विठोजींचं टायरचं दुकान आहे. बंगळूरचे जुने मराठा, तीन पिढ्या इथेच. त्यांचं मराठी ऐकायला कान तयार ठेवावे लागतात.

त्यांनी दोन टायर शेजारी शेजारी उभे केले. एक ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या रस्त्यांचा. खाचा मध्यम, डांबरावर शांत चालतो, खडीवर आणि थोड्या चिखलात निभावतो. दुसरा निव्वळ चिखलाचा. रबराचे मुठीएवढे ठोकळे, मध्ये बोट जाईल एवढ्या खाचा. चाक फिरलं की खाचांतला चिखल आपोआप फेकला जातो.

"मग हाच घ्यावा," मी म्हणालो.

"स्वल्प थांबा, अण्णा. चिखल किती तुमचा?"

"पावणेतीन किलोमीटर."

"आणि डांबर?"

"सेहेचाळीस."

विठोजी हसले. "पावणेतीनासाठी सेहेचाळीस बिघडवता? हा टायर डांबरावर बोंबलतो. आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारला तर त्याचा भरवसा नाही. रबर कमी टेकतं ना जमिनीला."

"पण रुतलो तर?"

"रोज जाता काय चिखलात?"

"आठवड्यातून तीन दिवस. मिसेसचं डायलिसिस असतं."

त्यांनी हातातला टायर खाली ठेवला. मग म्हणाले, "घर कुठं घेतलंत म्हणालात?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मला कॉफी मागवली. टायरबद्दल पुढे काही बोललेच नाहीत. चांगला माणूस, पण विक्रीची हातोटी नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

तक्ता केला. शंभर गुण. चिखलातली पकड तीस, ओल्या डांबरावरचा ब्रेक तीस, टिकाऊपणा वीस, डिझेलचा खप पंधरा, आवाज पाच. ऑल-टेरेनला एकाहत्तर, चिखलाच्या टायरला सहासष्ट.

अलकाला वाचून दाखवला. ती व्हरांड्यात बसून बर्फाचा खडा चोखत होती. दिवसाला एक लिटरच पाणी चालतं, म्हणून तहान बर्फावर भागवते.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"कमी आवाजाचे घ्या. येताना मला झोप लागते."

"आवाजाला पाच गुण धरलेत."

"बरं," ती म्हणाली.

तक्त्याचं आणि तिचं मत जुळलं याचं समाधान वाटलं. ऑल-टेरेन नक्की.

१४ ऑगस्ट, गुरुवार

परवा टायर बसवले. आज पहिला खरा पाऊस त्यांच्यावर. निलगिरीच्या खोलगटातून मागचं चाक एकदा घसरलं, पण निघालं. हौद्यात वाळूची चार पोती टाकून ठेवली आहेत, म्हणजे मागच्या चाकांवर वजन राहील. ही युक्ती माझी.

येताना अलका हेब्बाळपासून थेट घरापर्यंत झोपली. डायलिसिसनंतर ती अशी पिळून काढल्यासारखी होते. दारात गाडी थांबल्यावर डोळे उघडून म्हणाली, "आलं का घर?" मी म्हणालो, "आलं." तिने बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "मला वाटलं, आपलं घर आलं."

झोपेत माणूस काहीही बोलतं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. मूर्ती छोटी, नैवेद्य मथुराताईंनी आणला. मथुराताई म्हणजे अलकाची थोरली बहीण, बसवनगुडीतच राहतात. एकट्या आहेत, सत्तरी ओलांडली तरी ताठ. त्यांच्या टॅक्सीवाल्याने कच्च्या रस्त्याच्या तोंडाशीच गाडी थांबवली, आत यायला तयार होईना. मी पिकअप घेऊन गेलो. डबे मांडीवर घेऊन त्या माझ्या शेजारी बसल्या. खड्ड्यांतून येताना डब्यांची झाकणं दाबून धरली होती.

जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "नंदकिशोरराव, माझ्याकडची मागची खोली रिकामी आहे. दोघंही या. दवाखाना सात मिनिटांवर. पाऊस संपला की परत जा."

मी शांतपणे सांगितलं की टायर बदलले आहेत, वेळेवर पोचतो आहोत, आणि नवं घर बंद ठेवलं तर ओल धरेल.

"घराला ओल धरेल," त्या म्हणाल्या. तेवढंच.

अलका मध्ये काही बोलली नाही. म्हणजे तिला माझं म्हणणं पटलं असावं. तिने बसवनगुडीहून आणलेली पाच खोकी अजून उघडलेली नाहीत. मी उघडू का विचारलं तर म्हणते, राहू दे, होईल सावकाश. पाऊस थांबला की तिच्यासाठी मागे अबोलीचा वाफा करणार आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

लिहायला हात धजत नाही, पण नोंद हवी.

काल संध्याकाळपासून पावसाने झोडपलं. सकाळी पावणेसहाला निघालो. खोलगटाच्या अलीकडे थांबून मी टायरमधली हवा कमी केली. त्याने टायर पसरतो, पकड वाढते. तरीही मध्यावर बसलो. उतरून पाहिलं तर टायरच्या खाचा मातीने लिंपल्यासारख्या भरलेल्या. ही लाल माती चिकट, एकदा बसली की निघत नाही. चारही चाकं गुळगुळीत डब्यांसारखी दिसत होती. तक्त्यात चिखल म्हणजे नुसता चिखल असं धरलं होतं. मातीचा प्रकार धरला नव्हता. चूक माझी.

मुनियप्पा चिक्कबळ्ळापूरला गेलेला. ट्रॅक्टरची किल्ली त्याच्याकडे. मी फावड्याने चाकांपुढची माती काढत राहिलो, निलगिरीच्या फांद्या घातल्या, पोत्यातली वाळू ओतली. अलका आत बसून होती. नऊ वाजता तिने काच खाली केली.

"अहो, या आत. भिजताय."

"निघेल. आणखी थोडं."

"किती वाजले?"

मी सांगितलं. तिने काच वर केली.

साडेदहाला दवाखान्यात फोन केला. आज जागा नाही, उद्या दुपारी बघू म्हणाले, त्रास झाला तर ताबडतोब आणा. आम्ही चालत घरी आलो. दीड किलोमीटर. अलकाने चपला हातात घेतल्या होत्या. वाटेत तीनदा बसली. तिसऱ्यांदा एका प्लॉटच्या हद्दीच्या दगडावर. त्या दगडाकडे पाहून म्हणाली, "या प्लॉटवाल्याने बरं केलं, घर बांधलं नाही."

१३ सप्टेंबर, शनिवार

काल सकाळी अलकाचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजले होते. आडवं होता येईना, बसूनच श्वास घेत होती. मुनियप्पा आठ वाजता आला. आधी गाडी ओढून काढली, मग ट्रॅक्टरनेच डांबरापर्यंत नेली. दवाखान्यात वजन केलं तर अंगात साडेचार किलो पाणी जास्त. छातीतही शिरलेलं. तातडीने मशिनवर घेतलं.

डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, असं पुन्हा एकदा झालं तर कदाचित त्या इथपर्यंत येणारच नाहीत." मी म्हणालो, उपाय करतो आहे.

पुण्याहून प्रांजलीचा फोन. "बाबा, आईला शहरात ठेवा. मावशी ठेवून घेतेय ना?"

"टायर चुकीचे घेतले गेले. चिखलाचे घ्यायला हवे होते."

"बाबा, मी टायरचं बोलतच नाहीये."

ती रडायला लागली. तिला गाडीतलं काही कळत नाही, म्हणून समजावत बसलो नाही.

अलका मशिनवर असताना विठोजींकडे गेलो. सगळं ऐकून ते म्हणाले, "अण्णा, माझं ऐकता? टायर राहू दे. अक्कांना आधी इकडे आणा."

"मी टायरसाठी आलोय," मी म्हणालो.

"सरी," ते म्हणाले आणि ऑर्डर लिहून घेतली. माझ्या मापाचे टायर यायला आठ-दहा दिवस.

२३ सप्टेंबर, मंगळवार

चिखलाचे टायर बसले. मधले दिवस पाऊस कमी होता म्हणून निभावलं.

खोलगटातून गाडी अशी गेली की जणू तिथे काही नव्हतंच. चिखल मागे उडत होता, आरशात दिसत होता. कच्चा रस्ता नऊ मिनिटांत पार. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी मोठ्याने हसलो. अलकाकडे पाहिलं. तीही हसली, माझ्यासाठी.

डांबरावर आवाज आहे. साठच्या पुढे गेलं की गिरणीत बसल्यासारखं. बोलायचं तर ओरडावं लागतं. येताना अलकाने कानात कापूस घातला, पण झोप लागली नाही. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसली होती. घरी आल्यावर डोकं दुखतं म्हणाली. होईल सवय.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज पंचेचाळीस मिनिटं आधी पोचलो. चार तास पूर्ण झाले. डायलिसिस सलग चार वेळा वेळेवर.

येताना अलका काहीतरी बोलली. आवाजात ऐकू आलं नाही. मी काच चढवून पुन्हा विचारलं. तिने "काही नाही" असा हात केला.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी सात वाजून दहा मिनिटं. हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून उतरताना पाऊस. वेग पन्नास, जास्त नाही. पुढच्या टॅक्सीने ब्रेक मारला, मी मारला. पिकअप थांबली नाही. मागचा भाग डावीकडे फिरला आणि अलकाच्या बाजूने कठड्याला घासत जाऊन आम्ही थांबलो. वाळू मी चिखलात ओतली होती, पोती पुन्हा भरली नव्हती. हौदा रिकामा होता.

टॅक्सीला काही झालं नाही. आमचं एक दार चेपलं. अलकाचा डावा हात दार आणि सीटच्या मध्ये आला होता.

तो हात.

डायलिसिससाठी डाव्या हातात एक रक्तवाहिनी दुसरीला जोडलेली आहे. त्या जागी बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते. थरथर आहे म्हणजे रक्त वाहतंय. नर्स दर वेळी आधी तिथे बोट ठेवते. आज ठेवलं, मग काढलं, मग पुन्हा ठेवलं. मग मशिन न लावता डॉक्टरांना बोलावायला गेली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

हाताच्या त्या जोडात झालेली गुठळी निघाली नाही. दोन प्रयत्न झाले. हातातली ती वाट आता गेलीच. मानेत तात्पुरती नळी घातली आहे, त्यातून डायलिसिस चालू. नव्याने हातात जोड करायचा तर शस्त्रक्रिया, आणि तो वापरायला दोन महिने. अलकाच्या हृदयाची ताकद कमी झाल्याचंही आता सांगताहेत.

मी डॉक्टरांना अपघाताचं सगळं सांगितलं, वेग, उतार, टायर. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही जेवलात का?"

अलका एकदाही मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अलका मथुराताईंकडे. मानेतली नळी स्वच्छ ठेवायची, धूळ-चिखल नको, म्हणून डॉक्टरांनीच बजावलं. तात्पुरती व्यवस्था आहे. पाऊस संपेपर्यंत.

मी घरी एकटा. डायलिसिसच्या दिवशी दवाखान्यात जाऊन तिच्याजवळ बसतो. मथुराताई तिला हळूहळू चालवत आणतात. आज मी पोचलो तेव्हा दोघी रस्त्यातल्या फुलवालीशी कन्नडमध्ये गप्पा मारत उभ्या होत्या. अलका हसत होती. अलीकडे तिला असं पाहिलं नव्हतं. मला पाहिल्यावर तिने चटकन विचारलं, "रस्ता कसा होता?"

"एकटा असलो की सोपा जातो," मी म्हणालो. खरंच तसं आहे.

अबोलीचा वाफा तयार झाला. आळी नीट खणली आहेत.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीत लिहिलं नाही. डायलिसिस चालू असतानाच अलकाला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. नळीतून जंतू रक्तात गेलेत. अतिदक्षता विभागात आहे. प्रांजली पुण्याहून आली. तिने मला मिठी मारली नाही, पण माझ्या हातातली पिशवी घेतली.

मी पिकअप दवाखान्यामागच्या गल्लीत लावून मथुराताईंकडे राहतो आहे. घराला कुलूप.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

ताप उतरला. मानेतली नळी काढून मांडीत दुसरी घातली, आज त्यातून चार तास झाले. अलका पूर्ण शुद्धीवर आहे. संध्याकाळी डॉक्टर, प्रांजली, मथुराताई, मी, सगळे खोलीत असताना ती म्हणाली, "आता पुढचं नको."

डॉक्टरांनी तिला पुन्हा सगळं समजावलं. नवा जोड करता येईल, धोका आहे, पण करता येईल. थांबवलं तर आठ-दहा दिवस.

"समजलं मला," अलका म्हणाली. "मला ताईच्या घरी जायचंय. मागच्या खोलीत. खिडकीतून रस्ता दिसतो."

मी म्हणालो, "आपल्या घरी जाऊ. मी सगळी सोय करतो, नर्स ठेवतो..."

"नाही हो," ती म्हणाली. एकदम मऊ आवाजात. "मला तिथे नका नेऊ."

प्रांजली खोलीबाहेर गेली. डॉक्टर म्हणाल्या, उद्या पुन्हा विचारू. उद्या विचारतील तेव्हा तिने बदलावं म्हणून मला काहीतरी करायला हवं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

काल तिने तेच उत्तर दिलं, सही केली आणि मथुराताईंकडे आली. मी तरी हार मानणार नव्हतो. आज मथुराताईंना म्हणालो, दवाखान्याजवळ भाड्याने तळमजला बघतो, पिकअप विकतो, ते घरही विकतो. रोज चालत नेईन तिला. तसं सांगितलं तर ती ऐकेल.

त्या म्हणाल्या, "मागच्या रस्त्यावर सावित्रम्मांच्या खोल्या आहेत. विचारून या."

दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे तुळस. दवाखान्याचं फाटक दारातून दिसतं. एक पायरीसुद्धा नाही. मी सावित्रम्मांना म्हणालो, मिसेसची तब्येत बरी नसते, डायलिसिस चालू आहे, आम्हाला लगेच हवं.

"डायलिसिस?" त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये एक अक्का येऊन गेल्या होत्या, मथुरम्मांबरोबर. त्यांचंही तेच. खोल्या नीट पाहिल्या, नळ सोडून पाहिला, ऊन कुठून येतं ते विचारलं. फार आवडल्या. यजमानांना विचारून सांगते म्हणाल्या. पुन्हा आल्या नाहीत. मी मे महिन्यापर्यंत कुणाला दिल्या नव्हत्या, नंतरचे भाडेकरू आत्ताच गेले. बऱ्या आहेत ना हो त्या?"

मी त्यांना हो म्हणालो. खोल्या घेतल्या. किल्ली खिशात घालून परत आलो.

अलका खिडकीशी टेकून बसली होती. किल्ली तिच्या हातात दिली. कुठली ते सांगू लागलो. तिने ती ओळखली असावी, कारण सावित्रम्मांचं नाव घेण्याआधीच तिने मूठ मिटली. मग उघडली आणि किल्ली माझ्या हातात परत ठेवली.

"छान खोल्या आहेत," म्हणाली. "तुम्ही राहा तिथे. ताईला शेजार होईल."

"तू?"

"माझं आता झालं हो."

१ नोव्हेंबर, शनिवार

तिचे कपडे आणायला घरी गेलो. एक निळी सुती साडी तिने सांगितली होती, ती सापडली. जुनी वहीही आणली, जानेवारी ते जुलैची. मार्चपासून वाचली.

११ मार्च, मंगळवार. "डायलिसिस ठीक. पाण्याच्या टाकीच्या पायाचं माप दोन इंच चुकलं, गवंड्याला पुन्हा बोलावलं. जेवताना अलका काहीतरी विचारत होती, तेवढ्यात गवंड्याचा फोन आला. माप त्याला पुन्हा लिहून दिलं."

१२ मार्चला टाकीबद्दलच लिहिलं आहे. १३ लाही.

त्या पानावर आणखी काही नाही. मी मागची-पुढची पानं पाहिली.

८ नोव्हेंबर, शनिवार

अलका परवा, गुरुवारी, सकाळी दहा वाजता गेली. शेवटचे दीड दिवस झोपेतच होती. त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाल्या. प्रांजलीने हात धरला होता. मथुराताई चहा टाकायला आत गेल्या होत्या, मी पायाशी होतो. बाहेर शाळेची बस थांबली होती, तिचा हॉर्न वाजत होता.

सोमवारचं लिहायचं राहिलं आहे. त्या दिवशी ती नीट बोलत होती.

दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. ती कुशीवर झोपून रस्त्याकडे बघत होती. पलीकडच्या घरी गच्चीवर कुणी सांडगे वाळत घातले होते आणि एक बाई कावळे हाकत बसली होती. अलका मला म्हणाली, सांडगे अजून ओले आहेत, उद्यापर्यंत ठेवायला हवेत तिने. मी मन घट्ट केलं आणि विचारलं.

"अलका, मार्चमध्ये तू मला काही विचारणार होतीस का?"

"कधी?"

"अकरा तारखेला. जेवताना. मी फोनवर होतो."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता.

"आठवत नाही हो," ती म्हणाली. "आमटीत मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारलं असेन."